प्रकरण चौदावे : छताला हात लावायचा नाही

विहिरीच्या वाटणीवरून भांडण झाल्यापासून श्रीमंतकाकांनी थोरल्या भावाच्या घरात पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्याला आता सहा वर्षं झाली होती. त्यामुळे जुलैतल्या त्या रविवारी कलबुर्गीहून आलेली त्यांची पांढरी गाडी दुबलगुंडीत त्या भावाच्या, नरसिंगअप्पांच्या, दारात थांबली, तेव्हा त्यांच्या मुलीला, पंचशीलेला, आधी वाटलं, कुणीतरी गेलं. कुणी गेलं नव्हतं. काका उतरले, मागून नागरत्नाकाकू फळांची पिशवी सांभाळत उतरल्या, आणि ओसरीवर टेकता टेकता काकांनी स्वतःहून पाणी मागितलं. सहा वर्षांत सोयऱ्याधायऱ्यांपैकी कुणालाही जे जमलं नव्हतं, ते चाळीस लाखांच्या बांधकामानं एका फोनवर जमवलं होतं.

फोन धम्मानंदचा होता. धम्मानंद हा पंचशीलेचा थोरला भाऊ, हैदराबादच्या एका धर्मादाय हॉस्पिटलात नोकरीला. तिथं तो नेमकं काय करतो हे गावाला अजून उमगलेलं नव्हतं. हॉस्पिटलात आहे म्हटल्यावर लोक त्याला गुडघेदुखीच्या गोळ्या विचारायचे. आपण मोठमोठ्या लोकांकडून हॉस्पिटलसाठी देणग्या मिळवतो, हे त्यानं एकदा अप्पांना नीट समजावून सांगितलं होतं. अप्पा म्हणाले, "म्हंजे मागतोस. ते गावात सांगू नकोस."

यंदा मात्र तो गावातच मागायला लागला होता, आणि अप्पा त्या मोहिमेचे अध्यक्ष झाले होते.

सगळ्याचं मूळ होतं विहाराच्या मागच्या खोलीचं छत. दगडी भिंती, वर लाकडी वासे आणि त्यांवर पत्रे. संध्याकाळी वस्तीतल्या बावीस मुली तिथं अभ्यासाला बसायच्या, कारण त्यांच्या घरी चूल, टीव्ही आणि धाकटी भावंडं एकाच खोलीत नांदत होती. पंचशीला हुमनाबादला राहून तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायची आणि शाळा सुटली की स्कूटीवर येऊन त्यांची दहावीची तयारी करून घ्यायची. गेल्या पावसाळ्यात एक पत्रा वाऱ्यानं उचकटला आणि बरोबर दोन मुलींच्या मधोमध पडला. यंदा मधला वासा तडकला होता. तुरीच्या राशी झाल्या तेव्हा तिच्या आईनं, शोभाबाईंनी, महिला मंडळाच्या बायकांना हाताशी धरून घरटी पायलीभर तूर मागून आणली, ती हुमनाबादच्या आडतीवर घातली, आणि आलेल्या पैशात नवे वासे नि नवे पत्रे बसत होते. आठ दिवसांचं काम. पण मे महिन्यात धम्मानंद सुट्टीवर आला, त्यानं त्या छताकडं मान वर करून पाहिलं आणि तो एकदम खुलला.

"शीला, हे लई मोठं होऊ शकतंय," तो म्हणाला. पंचशीलेनं तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

मोठं झालंच. पत्र्यांचा कागदावर दुमजली विहार झाला, खाली सभागृह, वर भिक्खूंची राहायची सोय, पुढं कमान. धम्मानंदनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला दात्यांचा पिरॅमिड काढला. टोकाला एक मोठा दाता, त्याखाली दोन, मग चार, आणि सगळ्यात खाली उरलेलं गाव. मोहिमेचा पहिला टप्पा गुपचूप करायचा असतो, असं त्यानं सांगितलं. मोठे दाते आधी चुपचाप पटवायचे आणि मगच गावाला सांगायचं. आता दुबलगुंडीत कुणी अकरा रुपये दिले तरी ते नावानिशी माईकवर पुकारतात. तीन आठवडे माईकवर एकही नाव आलं नाही, तेव्हा पैसे खाल्ले जातायत असं लोकांनी एकमतानं ठरवून टाकलं. घाबरून अप्पांनी माईक लावला, आणि एका संध्याकाळीत सत्तावीस पंखे जाहीर झाले.

पंखेच का, तर पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवता येतं. पायासाठी कुणी छदाम दिला नाही. पाया मातीखाली जातो, आणि मातीखालचं नाव सोयऱ्यांना दाखवता येत नाही. तर अशी सत्तावीस पंख्यांची मोहीम जमिनीपासून बारा फुटांवर सुरू झाली होती आणि तिला खाली काहीच नव्हतं. म्हणून ही रविवारची बैठक.

"तर ऐका," धम्मानंदनं लॅपटॉप मांडीवर घेतला. "हैदराबादला एक ट्रस्ट हाय. पडायला आलेल्या सार्वजनिक इमारती पाडून नव्या बांधून देतेत. चाळीस लाखापस्तोर. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी त्यांच्या मॅडम आन इंजिनियर बघायला येणार हायत. बघून गेले की निम्मं काम झालं."

"मग ब्येस झालं की," अप्पा म्हणाले.

"बांधायला गुत्तेदार त्यांचा का आपला?" काकांनी विचारलं. काका स्वतः गुत्तेदार होते. सहा वर्षांचा अबोला कशासाठी मोडला होता ते आता सगळ्यांनाच कळलं, आणि कळलं नाही असं सगळ्यांनी दाखवलं.

"आपला चालतोय काका. फकत एक गोष्ट हाय." धम्मानंदनं सगळ्यांकडं एकवार पाहिलं आणि बहिणीकडं पाहायचं टाळलं. "तवर छताला हात लावायचा न्हाई."

पंचशीला चहाचे कप भरत होती, ती थांबली. "म्हंजे?"

"म्हंजे पत्रे हायत तसे. वासा हाय तसा. असं बगू नकोस शीला. माजं हेच काम हाय. गरज डोळ्याला दिसली तर माणसाचा हात खिशात जातो. कागदावरची गरज कुणी वाचत न्हाई."

"पाऊस लागलाय अण्णा. बावीस लेकरं बसत्यात तितं."

"चार आठवडे दुसरीकडं बसव की."

"कुटं? तुज्या पिरॅमिडवर?"

अप्पा हसले. सुरुवातीला ते मुलीच्याच बाजूचे होते. तीस वर्षं त्यांनी लाईनमन म्हणून विजेच्या खांबांवर काढली होती, आणि छत म्हटलं की त्यांना आधी वायर दिसायची. "धम्मा, वासा खाली आला तर वायर तुटंल. वल्या भिंतीत करंट उतरला तर लेकरं चिकटून बसतील. मी बघितलेलं हाय. शीला म्हणतीय ते खरं हाय."

"दादा, चार आठवड्यानं काय व्हतंय?" काका सरसावले. "इतकी वर्सं पडलं न्हाई, आता कामून पडंल?"

"येन्री," नागरत्नाकाकू मध्येच म्हणाल्या. कलबुर्गीच्या पलीकडं माहेर असलेल्या काकूंचं मराठी नवऱ्यावर रागावताना हमखास कानडीतून सुरू व्हायचं. "मुलींच्या डोक्यावर पडलं तर मग? तेच्यात नवरे लोक बसणार न्हाईत म्हणून असं बोलायलात का?"

"तुला कळत न्हाई ते बोलू नको."

काकू उठून पंचशीलेच्या शेजारी येऊन बसल्या. म्हणजे आता तिघं एकीकडं आणि दोघं एकीकडं झाले. पंचशीलेला वाटलं, जिंकलं. भावाचा धंदा काय आहे हे ती क्षणभर विसरली होती.

"अप्पा," धम्मानंद अगदी सहज बोलल्यासारखा म्हणाला, "कमानीवर कुणाचं नाव टाकायचं, ते ट्रस्ट गावावर सोडतंय. बाकीच्या ठिकाणी मोहिमेच्या अध्यक्षाचं टाकलंय बगा. ग्रॅनाइटमधी. सडकेवरनं दिसतंय."

अप्पांनी घसा साफ केला. टोपी काढून पुन्हा घातली.

"तसं मेन स्विच बंद ठिवता येतोय म्हणा," ते म्हणाले.

पंचशीलेला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्याहून जास्त तिला वडलांची कीव आली. ज्या माणसानं तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात उजेड पाडला, त्याचं नाव आजवर स्वतःच्या वीजबिलाखेरीज कुठंही छापून आलेलं नव्हतं. त्याला धम्मानंदनं ग्रॅनाइट दाखवला. अण्णा आपल्या कामात किती हुशार आहे ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि तिला ते मुळीच आवडलं नाही.

"माय," ती आईकडं वळली, "पैसे तुज्या मंडळाचे हायत. तू बोल."

शोभाबाई भिंतीला टेकून तूरडाळ निवडत होत्या. त्यांनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"पाहुणे किती जण यायलेत?" त्यांनी विचारलं.

"चार. ड्रायव्हर धरून पाच," धम्मानंद म्हणाला.

"बाई हाय म्हणलास न्हवं? तिखट खातीय का?"

"माय!" पंचशीला जवळजवळ ओरडलीच.

"इचारलं फकत." शोभाबाईंनी सूप पाखडलं. "धम्मा म्हणतोय तर ऱ्हाऊ दे. छताला हात लावायचा न्हाई."

पंचशीला त्या दिवशी न जेवता हुमनाबादला गेली. बाप ग्रॅनाइटला फिरला हे ती समजू शकत होती. आई कशाला फिरली, हे तिला कळेना. पोरगा हैदराबादचा, पोरगी हुमनाबादची, एवढ्यावरच आईनं माप टाकलं असं वाटून तिला रडू फुटलं, आणि चेहऱ्यावर हेल्मेट असल्याचं तिला बरं वाटलं.

मुलींना तिनं अप्पांच्या घराच्या ओसरीवर बसवलं. ओसरीवर पाऊस तिरपा यायचा, वह्या भिजायच्या, येणारा जाणारा दोन शब्द बोलून जायचा. पहिल्या आठवड्यात बावीसच्या सोळा झाल्या, दुसऱ्यात अकरा. यायची बंद झालेल्यांत अंबिका होती. गणितात तिचा हात धरणारी मुलगी पंचशीलेनं बारा वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. पंचशीला तिच्या घरी गेली, तेव्हा तिचा बाप म्हणाला, "बाई, विहारात बसायली म्हणून पाठवत व्हतो. लोकाच्या ओसरीवर जवान पोरगी कशी बसवू? हुमनाबादच्या कापडदुकानात मुली घ्यायलेत, तितं लावतो." पंचशीलेनं धम्मानंदला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "हे लई महत्त्वाचं हाय. तिचा एक फोटो पाठव, दप्तर घेऊन, उदास." तिनं फोन ठेवून दिला.

तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या चाचण्या लागल्या, आणि तिला गावात यायला जमलं नाही. ती आली ती एकदम पाहुण्यांच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, ऊन उतरताना. विहाराच्या वळणावर तिनं स्कूटी थांबवली, आणि रस्ता चुकल्यासारखी बघत राहिली.

भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. खालून हातभर निळा पट्टा ओढला होता. आणि वर, मागच्या खोलीवर, नवेकोरे पत्रे उन्हात चकाकत होते.

आत काकू उकिडव्या बसून फरशी पुसत होत्या. त्या कलबुर्गीहून येऊन दोन दिवस झाले होते. शोभाबाई दारात उभ्या राहून एका पोराकडून आंब्याचं तोरण बांधून घेत होत्या.

"माय, हे कुणी केलं?"

"कुणी न्हाई," शोभाबाई म्हणाल्या.

एका अर्थानं ते खरं होतं. ठराव मोडायचा असं कुणीच ठरवलं नव्हतं. शोभाबाईंनी तर घराघरात जाऊन फक्त एवढंच सांगितलं होतं, की हैदराबादहून पाहुणे यायलेत, बाई हाय, विहारात बसणार हायत. पाहुणे म्हटल्यावर राघोबा गवंडी चुन्याच्या बादल्या घेऊन हजर झाला. ठराव छताचा होता, भिंतीचा नव्हता. भिंती उजळल्यावर वरचं काळंकुट्ट वायरिंग डोळ्यांत खुपायला लागलं, तेव्हा अप्पा म्हणाले, मी फक्त वायर बदलतो. वायरला क्लिप मारायला त्यांनी तडकलेल्या वाशात खिळा ठोकला, तर मूठभर भुसा त्यांच्या तोंडावर आला. असल्या वाशाखाली पाहुण्या बाईला बसवणारा माणूस नरसिंग नव्हता, मग कमान मिळो न मिळो. वासा बदलायचा तर पत्रे उतरवावे लागतात. ते उतरवले. आणि एकदा खाली आलेले गंजके पत्रे, पाहुणे चार दिवसांवर असताना, पुन्हा वर चढवायला अख्ख्या वस्तीत एक माणूस तयार होईना. बायकांनी तुरीचे पैसे बाहेर काढले.

उरलं होतं ते काकूंनी पुरं केलं. त्यांनी नवऱ्याला फोन करून सांगितलं, "शोभाअक्कांच्या दारात लाकडी वासे आणायलेत. लोक म्हणायलेत, सख्खा भाऊ गुत्तेदार आसून बी लाकूडच." दुसऱ्या दिवशी सकाळी कलबुर्गीहून टेम्पो आला, आत लोखंडी पाईप. फुकट. चाळीस लाखांचं काम मिळवायला सहा वर्षांचा अबोला मोडणाऱ्या श्रीमंतकाकांनी त्या कामाच्या मुळावर स्वतःच्या खर्चानं घाव घातला होता, आणि पाईपांवर आपलं नाव रंगवायला सांगितलं होतं.

"अण्णाला कुणी सांगितलं का?" पंचशीलेनं विचारलं.

"तेला कशाला तरास?" शोभाबाई म्हणाल्या. "कामात असंल."

पंचशीला मागच्या खोलीत गेली. अकरा मुली आत बसल्या होत्या, नाही, चौदा. कोपऱ्यात अंबिका होती. वर न बघता गणित सोडवत होती. बापानं कापडदुकानाचा विषय पुढं ढकलला होता. विहार एवढा देखणा झाल्यावर पोरीला तिथं न पाठवणं त्याला कमीपणाचं वाटलं असणार.

पंचशीलेनं फोन काढला. अण्णाचा नंबर समोर होता. आत्ता सांगितलं तर तो काहीतरी कारण काढून पाहुण्यांना महिनाभर लांबवू शकला असता. त्यानं महिनाभरात काय केलं असतं, हेही तिला दिसत होतं. पत्रे पुन्हा उतरवायला लावायला तो कमी करणारा नव्हता. ती तशीच उभी राहिली. अंबिकानं वर पाहिलं, "बाई, हे उदाहरण बरोबर हाय का?" पंचशीलेनं फोन पर्समध्ये टाकला आणि खाली बसून उदाहरण तपासलं. बरोबर होतं.

शनिवारी अकराला गाडी आली. हुमनाबादपर्यंतच्या रस्त्यात धम्मानंदनं मॅडमना गळक्या छताचं वर्णन इतकं मनापासून केलं होतं, की त्या उतरल्या त्या छत्री हातात घेऊनच. विहाराकडं पाहून त्यांनी छत्री मिटली. धम्मानंदच्या चेहऱ्याकडं पंचशीलेला बघवेना.

"ये वही बिल्डिंग है?" मॅडमनी विचारलं.

"वहीच है," अप्पा पुढं झाले. त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. "आओ, आओ मॅडम. अंदर बैठो. पंखा लगाओ रे!"

जाहीर झालेल्यांपैकी आलेले आठ पंखे आत एकदम सुरू झाले. कुणाचंही नाव वाचता येईना, पण वारा झकास सुटला. इंजिनियरनं वर पाहिलं, पाईपावर टकटक केली, कोपऱ्यात ओल शोधली. धम्मानंद त्याच्या मागे मागे बोलत होता, "सर, ये अभी अभी किया है लोगोंने, टेंपररी है, अंदर से हालत बहुत..."

"टेंपररी?" अप्पांना हे सहन झालं नाही. "क्या बोलता धम्मा! साब, ये पाईप मेरे भाई ने दिया. पचास साल को कुछ नहीं होता. एक बूंद पानी आया तो मेरा नाम बदल दो."

इंजिनियरनं हातातल्या कागदावर एका चौकोनात खूण केली. पंचशीला शेजारीच उभी होती. 'सध्याची अवस्था' याखाली तीन चौकोन होते. खूण पहिल्यावर होती, 'चांगली'.

मग जेवण झालं. शेंगाच्या पोळ्या, कडक भाकरी, शेंगाचटणी, आणि मॅडमसाठी मुद्दाम कमी तिखटाची वांगी. मॅडमनी तीन पोळ्या खाल्ल्या, शोभाबाईंचा हात हातात घेतला आणि निघताना माईकवर त्या म्हणाल्या, की असा स्वाभिमानी गाव त्यांनी पाहिला नाही. "आप लोगों को हमारी ज़रूरत ही नहीं है. ये मैं तारीफ़ में बोल रही हूँ." सगळ्या वस्तीनं टाळ्या वाजवल्या. चाळीस लाख परत चालले होते, आणि लोक त्यांना सडकेपर्यंत पोचवायला गेले.

काकांना उशिरानं समजलं. ते ओसरीवर येऊन बसले आणि पाईपांचं वजन, गाडीभाडं, वेल्डिंगची मजुरी असं पुटपुटत राहिले. काकू पदर तोंडाला लावून घरात पळाल्या. त्या रडतायत असं काकांना वाटलं, पण पंचशीलेनं त्यांना आत हसताना पाहिलं. अप्पांनी थोड्या वेळानं विचारलं, "मग आता कमान?" आणि ते स्वतःच पक्कड घेऊन विहारात एका आवाज करणाऱ्या पंख्याकडं बघायला गेले.

धम्मानंद आत चुलीजवळ भिंतीला टेकून बसला होता. त्याच्यापुढं ताट होतं. त्यानं हात लावला नव्हता.

"तुला कवा कळलं?" त्यानं बहिणीला विचारलं.

"काल संध्याकाळी."

"आन फोन केला न्हाईस."

"काढलता. केला न्हाई."

"एक फोन, शीला. मी कायबी करून लांबवलं असतं. दोन मजली विहार झाला असता. तुज्या मुलींला वर स्वतंत्र खोली, लायब्ररी, सगळं." त्यानं ताट दूर सारलं. "मी तुज्यासाठीच करायलो व्हतो की गं."

हे खरं होतं आणि ते तिला माहीत होतं, म्हणून तिला फार वाईट वाटलं. "दोन वर्सं लागली असती अण्णा," ती म्हणाली. "अंबिकाची परीक्षा मार्चला हाय."

तो आईकडं वळला. "आन तू, माय. तू मुद्दाम केलंस."

"मी काय केलं? पाहुणे यायलेत म्हणून सांगितलं."

"माय."

शोभाबाई भांडी आवरत होत्या. त्यांनी हातातली परात खाली ठेवली आणि त्याच्यासमोर बसल्या.

"व्हय. मुद्दाम केलं," त्या म्हणाल्या. "तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. तू सातवीत व्हतास तवाचं. बीदरच्या हॉस्टेलात फुकट जागा मिळायची व्हती तुला. सायेब घर बघायला येणार व्हते. सगळे म्हणले, शोभा, घर हाय तसंच ऱ्हाऊ दे. फाटकं दिसू दे. माज्यानं झालं न्हाई बग. मी घर सारवलं. पाटलाच्या घरून दोन खुर्च्या मागून आणल्या. कपबशा आणल्या. सायेब खुर्चीवर बसले, चा पिले, आन मागनं कळलं, कागदावर लिवलं, परिस्थिती बरी हाय. तुजी जागा गेली. चार वर्सं तू हुमनाबादला जाऊन येऊन शिकलास. चिखलातनं. कवा सायकल, कवा पायी. तू सकाळी निघालास की मी दारात उभी ऱ्हायची आन मनात म्हणायची, हे माज्या खुर्च्यामुळं."

पंचशीलेनं हे कधीच ऐकलं नव्हतं. आईचा आवाज तिला ओळखू येईना.

"मग आजबी तेच केलंस," धम्मानंद म्हणाला.

"आजबी तेच. माजं घर गळतंय म्हणून पाहुण्याला दाखवायचं, हे मला येत न्हाई बाबा. तू शिकलास ते. मला न्हाई जमलं."

धम्मानंदनं ताट पुन्हा जवळ ओढलं.

"हिरव्या व्हत्या खुर्च्या," तो म्हणाला. "लोखंडी."

"व्हय. तुला ध्यानात हाय?"

"सायेब निघाले तवा मी त्येंची बॅग घेऊन सडकेपस्तोर गेलतो. बस यायला उशीर व्हता. त्येंनी कागद काढला, पेन काढलं, आन मला म्हणले, बाळ, खरं सांग, त्या खुर्च्या तुमच्याच का?"

शोभाबाई त्याच्याकडं बघायला लागल्या.

"अजून कायबी लिवलं न्हवतं त्येंनी, माय. मी न्हाई म्हणायचीच वाट बघत व्हते."

"मग तू काय म्हणलास?"

"आमच्याच हायत म्हणलं," धम्मानंद म्हणाला. "आजून दोन आत ठिवल्यात, म्हणलं."